समाधानी आहात का?

फेब्रुवारीतली गोष्ट. जेवणं झाल्यावर मुलगा टेबलापाशीच लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "आई, हे खरंखरं भरू, की चांगलं भरू?"

डोकावून पाहिलं तर नॅशनल स्टुडंट सर्व्हे. इथे ब्रिटनमध्ये २००५ पासून दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारतात, की शिकवणं कसं होतं, तपासलेलं काम वेळेवर मिळालं का, अडचणीला कोणी भेटलं का. मुलाच्या एका सरांनी निबंध सात आठवड्यांनी परत दिले होते, आणि शेरा होता दोन शब्दांचा. त्याला ते लिहायचं होतं. पण हे आकडे जाहीर होतात, वर्तमानपत्रांच्या क्रमवारीत धरले जातात. आपलंच विद्यापीठ खाली गेलं तर आपल्याच पदवीची किंमत कमी, असा त्याचा हिशेब.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. इथल्याच एका विद्यापीठात वीस वर्षांहून अधिक काळ संख्याशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी मुलं मला मार्क देतात.

पुण्यात कॉलेजात असताना सरांना मार्क द्यायची कल्पना आम्हांला सुचलीसुद्धा नसती. एक सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. त्यांना कोणी काही बोललं नाही. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी मुकाट्याने बाहेर क्लास लावला, एवढंच. आमचा सर्व्हे म्हणजे क्लासची फी! ती आईवडिलांनी भरली, आणि सरांना निकाल कधी कळलाच नाही. त्याला आम्ही गुरूविषयीचा आदर म्हणत होतो. आता वाटतं, त्यात आदरापेक्षा भीतीच जास्त होती.

म्हणून इथे आल्यावर ही पद्धत मला मनापासून आवडली. राष्ट्रीय सर्व्हे संपूर्ण अभ्यासक्रमाचा असतो. त्याखेरीज प्रत्येक विषयाला विद्यापीठाचा आपला फॉर्म असतो. एका वर्षी माझ्या फॉर्मवर आलं, "फार अवघड करून सांगतात." बैठकीत माझ्या विषयापुढे लाल खूण. तोवर फीही वाढत चालली होती. इंग्लंडात १९९८ साली वर्षाला १००० पौंड फी सुरू झाली, २००६ मध्ये ती ३००० पर्यंत गेली आणि २०१२ पासून थेट ९००० पर्यंत. एवढे पैसे मोजणाऱ्याला नाराज करून कसं चालेल, हे कोणी तोंडाने म्हणत नव्हतं, पण हवेत होतं.

पुढच्या वर्षी मी काय केलं ते लिहायला आजही संकोच वाटतो. सिद्धता गाळल्या. परीक्षेत येणार त्याच धाटणीची गणितं वर्गात सोडवून दिली. लाल खूण हिरवी झाली, विभागप्रमुखांची अभिनंदनाची ईमेल आली. आणि त्यानंतरच्या वर्षी, तीच मुलं ज्यांच्याकडे गेली ते सहकारी चहाच्या वेळी म्हणाले, "यंदाच्या मुलांना कंडिशनल प्रॉबॅबिलिटी अजिबात येत नाही. काय झालं असेल?" मी चहा ढवळत राहिले.

पुढे २०१० साली कॅरल आणि वेस्ट या दोन अमेरिकन संशोधकांचा निबंध वाचला, तेव्हा आपलाच फोटो पाहिल्यासारखं झालं. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत मुलांना प्राध्यापक निवडता येत नाहीत, वर्ग वाटून दिले जातात आणि परीक्षा सर्वांना एकच. त्यामुळे तुलना सरळ. कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्समध्ये कमी अनुभवी शिक्षकांच्या मुलांना मार्क जास्त पडले, आणि मुलांनीही त्या शिक्षकांना वर ठेवलं. पुढच्या कोर्समध्ये मात्र अनुभवी शिक्षकांची मुलं सरस ठरली. हार्वर्डमध्ये २०१९ साली दिसलं तेही याच जातीचं. ज्या वर्गात मुलांना स्वतः झटून भौतिकशास्त्राची उदाहरणं सोडवायला लावली, तिथे मुलं जास्त शिकली; पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटलं.

एवढं वाचून मुलांना काय कळतंय असं म्हणून मोकळं होता येतं. माझे काही सहकारी झालेही. पण राष्ट्रीय सर्व्हेत बरीच वर्षं मुलं सर्वांत नाराज असायची ती तपासणी आणि शेऱ्यांवर. यात अभ्यास सोपा करा असं कुठे आहे? मी लिहिलेलं कोणीतरी नीट वाचा आणि कुठे चुकलं ते सांगा, एवढंच मागणं. दीडशे पेपरांच्या गठ्ठ्यात शंभराव्या पेपरनंतर मी स्वतः काय शेरे लिहिते, ते मला माहीत आहे. विषय अवघड वाटला याची नाराजी आणि आपल्याकडे कोणी पाहिलंच नाही याची नाराजी एकाच टक्केवारीत मिसळते, आणि मग शिक्षकही सोयीची तेवढी उचलतो. इंग्लंडमध्ये २०२३ पासून 'एकंदरीत समाधानी आहात का' हा प्रश्न सर्व्हेतून काढून टाकला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मुलगा अजून थांबलेला होता. मी म्हटलं, "शिकवायचे कसे ते?"

"भारी शिकवायचे. अवघड होतं, पण भारी."

"मग तेही लिही. आणि सात आठवडेही लिही."

"आणि रँकिंग?"

त्यावर माझ्याजवळ त्याला पटेल असं काही नव्हतं. "तुझ्या मागून येणाऱ्या मुलांना सात आठवडेच थांबायचंय का?" एवढंच म्हणाले. तो "हं" म्हणाला आणि लॅपटॉप घेऊन वर गेला. काय भरलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझे एकेचाळीस पेपर तपासायचे राहिले होते.