तह झाला, तर्पण राहिले

दीर्घ कादंबरीमालेच्या वाचनात खंड पडला की वाचक मागचे विसरतो, यात नवल नाही. नवल वाटते ते काय विसरले जाते आणि काय टिकते याचे. डेव्हिड वेबर या अमेरिकन लेखकाची ऑनर हॅरिंग्टनची माला मी २००५ साली निघालेल्या ‘ॲट ऑल कॉस्ट्स’पर्यंत नेमाने वाचली होती. त्यानंतरचे मुख्य पुस्तक यायलाच पाच वर्षे लागली आणि तोवर माझाही धागा सुटला. अलीकडे पुढची तीन पुस्तके ओळीने वाचायला घेतली. युद्धनौकांची नावे आठवत होती, कोणाच्या क्षेपणास्त्राचा पल्ला कोणापेक्षा लांब तेही आठवत होते. नायिकेच्या खांद्यावर बसणारा निमिट्झ नावाचा सहा पायांचा प्राणी तर घरचाच वाटला. मेलेल्या माणसांसाठी मात्र जुनी पुस्तके पुन्हा उघडावी लागली.

वाढत्या वयावर याचे खापर फोडता येईल. पण मला वाटते, दोष सगळा वयाचा नाही. युद्धकथा आपल्याला काय लक्षात ठेवायला शिकवते, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

ज्यांनी ही माला पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिले पुस्तक ‘ऑन बॅसिलिस्क स्टेशन’ १९९३ चे. सी. एस. फॉरेस्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९३७ पासून होराशिओ हॉर्नब्लोअर नावाच्या आरमारी अधिकाऱ्याच्या कथा लिहिल्या. नेपोलियनच्या काळातले ते शिडाचे आरमार वेबर यांनी उचलून अंतराळात नेले. नायिकेच्या नावाची आद्याक्षरेही तीच ठेवली. मँटिकोर नावाचे छोटे, श्रीमंत राज्य एका बाजूला आणि हेवन नावाचे अवाढव्य, भुकेले गणराज्य दुसऱ्या बाजूला. हेवनमध्ये क्रांती होते, लोकसुरक्षा समिती येते आणि तिच्या म्होरक्याचे नाव असते रॉब एस. पिएर. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा ज्याने वर्गात शिकवला आहे त्याला हे नाव वाचून हसू आवरत नाही. असो. इतिहासाची अशी उघड उसनवारी मला खटकत नाही. आपल्याकडे तर पौराणिक नाटकांचे सारे वैभव उसनवारीवरच उभे होते.

सुरुवातीच्या पुस्तकांत माणूस मरतो तेव्हा तो माणूस म्हणून मरतो. पहिल्या पुस्तकात ‘फिअरलेस’ ही जुनी, लहानशी क्रूझर आपल्याहून कितीतरी जबर जहाजाचा पाठलाग करते. आतले एकेक दालन फुटत जाते, आणि तिथे कोण उभे होते हे आपल्याला माहीत असते. दुसऱ्या पुस्तकात ऑनरचे गुरू ॲडमिरल कुर्व्हॉसिए ‘मॅड्रिगल’ नावाच्या विनाशिकेसह मारले जातात. मित्रराष्ट्राची उरलीसुरली जहाजे निसटावीत म्हणून ती विनाशिका मागे राहते. त्या जहाजावरच्या वाचलेल्या खलाशांचे शत्रूच्या कैदेत जे होते, ते वाचताना आजही पुस्तक खाली ठेवावेसे वाटते. ऑनरला पुढच्या पुस्तकातही गुरूचा मृत्यू सोडत नाही. विद्यार्थिनीच्या मनावर गुरूच्या मरणाचे असे ओझे राहिलेले मी इंग्रजी रंजक वाङ्मयात फार पाहिलेले नाही. कदाचित पेशामुळे मला ते अधिक भिडले असेल.

पुढे जहाजे मोठी होत गेली आणि आकडेही. ‘ॲट ऑल कॉस्ट्स’च्या अखेरीस मँटिकोरची लढाई होते. शेकडो नौका, लाखो मृत. २०१० च्या ‘मिशन ऑफ ऑनर’मध्ये अदृश्य शत्रूच्या हल्ल्यात कक्षेतली अवकाशस्थानके फुटतात, त्यांचे तुकडे खालच्या शहरावर कोसळतात आणि नायिकेचे गणगोत एका दिवसात नाहीसे होते. २०१८ च्या ‘अनकॉम्प्रमायझिंग ऑनर’मध्ये संख्या कोटींवर जाते. लेखक निर्दय झाला असे मी म्हणणार नाही. त्याने स्वतःच वाढवलेल्या शस्त्रांचे गणितच त्याला तिथे घेऊन गेले. पण वाचकाचे मन काही शस्त्रांच्या प्रमाणात वाढत नाही. कुर्व्हॉसिएंसाठी जेवढे दुःख होते तेवढेच एका नगरासाठी होते, फार तर थोडे कमी.

या ठिकाणी लेखकाने स्वतः सांगितलेली एक हकीकत महत्त्वाची वाटते. मूळ योजनेप्रमाणे ऑनर याच मँटिकोरच्या लढाईत मरायची होती. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या विजयात नेल्सन पडला, तशी. पुढची कथा तिच्या मुलांच्या पिढीची होणार होती. पण एरिक फ्लिंट या लेखकमित्राने त्याच विश्वात लिहिलेल्या कथांमुळे नंतरचा एक मोठा धागा अनेक वर्षे अलीकडे ओढला गेला आणि ऑनर वाचली. तिचा जुना सहकारी ॲलिस्टर मकिऑन मात्र त्या लढाईत गेला. पहिल्या पुस्तकात तिच्यावर मनातून धुमसणारा आणि मग तिचा जिवलग झालेला हा माणूस. नायिकेला लेखकाचे अभय मिळाले. बाकीच्यांच्या वाट्याला आकडा आला. वाचक म्हणून ती वाचल्याचा मला आनंदच झाला होता, आणि तो आनंद तितकासा निरागस होता का, हे अजून ठरवता आलेले नाही.

अलीकडे ओढला गेलेला तो धागा म्हणजे मेसा. मनुष्यवंशाची निपज सुधारण्याच्या वेडाने पछाडलेली एक गुप्त संघटना शतकानुशतके पडद्याआड राहून राष्ट्रांना एकमेकांवर घालत होती, असे उघडकीला येते. मग हेवनची राष्ट्राध्यक्षा प्रिचर्ट स्वतः मँटिकोरला येते आणि २०१२ च्या ‘अ रायझिंग थंडर’मध्ये दोन जुने वैरी मित्र होतात. ही पुस्तके एकामागोमाग एक, ती येत गेली त्या वेगाने वाचली असती तर मीही त्या तहाच्या आनंदात वाहून गेलो असतो. खंड पडल्यामुळे आणि मृतांसाठी मागे जाऊन आल्यामुळे तसे झाले नाही. एवढ्या पुस्तकांतल्या मेलेल्यांचे काय, असे मनात येत राहिले. ज्यांनी हेवनशी लढताना प्राण दिले त्यांचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा? लेखकाचे उत्तर सोयीचे आहे: मेसाच्या. खाते फिरवले की दोन्ही बाजू मोकळ्या.

हे मला पुरेसे वाटत नाही. मेसाने कळ लावली असेल. पण शेजारी राज्ये गिळण्याची भूक हेवनची स्वतःची होती. हेडीसवरचा तुरुंग हेवनच्याच राज्यसुरक्षा खात्याने चालवला. राणी एलिझाबेथच्या वडिलांचा घातही हेवनच्या कारस्थानातून झाला. तिसरा दुष्ट सापडला म्हणून पहिल्या दोघांचे हात आपोआप धुतले जात नाहीत.

आपल्या सीमाभागात हे वाक्य फार ओळखीचे आहे: आपण मुळात भाऊभाऊच, भांडणे लावली ती राजकारण्यांनी. मराठी घरांतही ते म्हणतात, कन्नड घरांतही म्हणतात, आणि बहुतेक वेळा चहाचा कप हातात असतानाच म्हणतात. त्यात तथ्य आहे आणि शेजारधर्म त्याच्यावर चालतो, हेही खरे. पण दगड उचलणारे हात कोणाचे तरी होते. बेळगावच्या हुतात्मा चौकात दर १७ जानेवारीला १९५६ च्या गोळीबारात पडलेल्यांना फुले वाहिली जातात, ती या गोड वाक्यात बसत नाहीत.

वेबर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगायला हवे. त्यांच्याच मालेत दुसऱ्या प्रकारचा समेटही आहे आणि तो या तहाहून कितीतरी खरा आहे. थॉमस थाइझमन दुसऱ्या पुस्तकात शत्रूचा कप्तान म्हणून येतो. तो ऑनरविरुद्ध लढतो, शरण जातो आणि आपल्या बाजूच्या मित्रांनी कैद्यांचे जे हाल केले त्याची त्याला किळस येते. पुढे २००० च्या ‘ॲशेस ऑफ व्हिक्टरी’त हाच माणूस हेवनच्या हुकूमशहाला स्वतःच्या हाताने गोळी घालतो आणि सत्ता हाती येऊनही ती राज्यघटनेच्या हवाली करतो. त्याला निर्दोष ठरवायला कोणी मेसा लागत नाही. आपल्या राष्ट्राच्या पापाचा वाटा तो स्वतः उचलतो. म्हणून त्याच्याशी हात मिळवताना मँटिकोरच्या माणसाला आपल्या मेलेल्यांकडे पाठ फिरवावी लागत नाही.

आपल्या महाभारतात हा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहावे. युद्ध संपल्यावर लगेच राज्याभिषेक नाही. मध्ये स्त्रीपर्व आहे. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा सांगतो: एक अब्ज, सहासष्ट कोटी, वीस हजार. वेबर यांच्या कोणत्याही लढाईला मागे टाकील असा हा आकडा. पण व्यास आकड्यावर थांबत नाहीत. गांधारी रणभूमीवरून फिरते आणि एकेका प्रेताजवळ थांबून बोलते, आपल्या पुत्रांच्या आणि परक्याच्याही. ज्यांना कोणी नव्हते त्यांचेही विधिवत दहन करा, अशी आज्ञा युधिष्ठिर देतो. आणि मग गंगेच्या काठी, तर्पणाच्या वेळी, कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. इथेही शत्रू आपला निघतो, इथेही एक दडवलेले सत्य बाहेर येते. पण त्याने कोणाचे ओझे हलके होत नाही, उलट दुप्पट होते. युधिष्ठिर आईवर आणि तिच्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर संतापतो, हे त्याला शोभले नाही. तरी त्याची वेदना खोटी नव्हती. वेबर यांच्या मालेत लढाया आहेत, राजकारण आहे, लग्ने आहेत. दोन राष्ट्रे मित्र होताना त्यांनी एकमेकांच्या मेलेल्यांना पाणी सोडावे असे पर्व मात्र नाही.

असे पर्व प्रत्यक्षात शक्य असते का? मराठी माणसाला त्यासाठी पुराणात जायची गरज नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे घर. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, या पलटणीचे जवान पूर्व आफ्रिकेत केरनच्या डोंगरांत इटालियन सैन्याशी लढले. १९४३ मध्ये इटलीने बाजू बदलली. पुढे १० जुलै १९४४ रोजी त्याच इटलीच्या भूमीवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, रायगड जिल्ह्यातला नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकट्याने चालून गेला. बरोबरचे सगळे मेले होते किंवा जखमी होते. त्याने ते ठाणे मोडले आणि मग तो स्वतः टिपला गेला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आज इटलीही मित्र आणि जर्मनीही मित्र. २०२३ साली त्या भागातल्या मोंतोने या लहानशा गावाने घाडगेंच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्यावर आहे. सगळा दोष हिटलरवर टाकून ते गाव गप्प बसू शकले असते. पण गावकऱ्यांनी एका परक्या पोराचे नाव कोरले. तो कोणत्या साम्राज्यासाठी लढत होता, त्याला स्वतःला स्वातंत्र्य होते का, हे प्रश्न त्या घड्याळाने सुटत नाहीत. नाव मात्र उन्हात राहिले.

२०१८ नंतर मुख्य कथा पुढे सरकलेली नाही. पण २०२४ मध्ये वेबर यांनी ‘टोल ऑफ ऑनर’ नावाचे पुस्तक काढले. यातला टोल म्हणजे आपल्या पुणे-बेंगळूर महामार्गावरचा नव्हे, जरी चुकवावा लागतो तो तसाच. इथे तो मोजलेल्या किमतीचा आणि मेलेल्यांच्या संख्येचा आहे. तहाच्या पुढे जाण्याऐवजी लेखक तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच पुस्तकांकडे परतला आहे. हॅनकॉकच्या लढाईतून वाचलेल्या एका कनिष्ठ अधिकारी स्त्रीच्या नजरेने त्याने तो जुना काळ पुन्हा सांगायला घेतला आहे. ती कोणी ॲडमिरल नाही, राणीची सल्लागार नाही. त्या जुन्या पुस्तकांत ती आकड्यांतच असावी. ते पुस्तक मी मागवले आहे. ते हाती येईपर्यंत ‘मॅड्रिगल’चे प्रकरण पुन्हा एकदा वाचून काढणार आहे, या वेळी तिच्यावरच्या माणसांची नावे वहीत उतरवून घेत.