जुना पत्ता पुसण्याआधी

काल प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीच्या पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. मशीन सुरू व्हायचं, 'पेजिंग सुरू करत आहे' एवढं छापायचं आणि लगेच रीसेट व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून तेच. स्वतः लिहिलेल्या छोट्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ती पहिल्यांदाच पेजिंग आणत होती. तक्ते तिनं तीनदा तपासले होते, आणि त्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता.

पेजिंगमध्ये प्रोग्राम जो पत्ता मागतो तो मेमरीतला खरा पत्ता नसतो. प्रोसेसर तक्ता बघून खरी जागा शोधतो. इंटेलच्या १९८५ सालच्या ३८६ मध्ये ३२ बिटांच्या पत्त्याचे पहिले १० बिट एका तक्त्यातली ओळ दाखवतात, पुढचे १० दुसऱ्या तक्त्यातली, आणि उरलेले १२ बिट ४,०९६ बाइटच्या पानातली नेमकी जागा. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे तक्ते दिले, की दोन प्रोग्राम एकच पत्ता वापरूनही एकमेकांच्या मेमरीला हात लावू शकत नाहीत. हे सगळं पाठ करता येतं. खरी अवघड जागा पेजिंग चालू करण्याच्या त्या एका सूचनेपाशी आहे.

ती सूचना चालते जुन्या पत्त्यांच्या राज्यात. तिच्या लगेच पुढची सूचना मात्र नव्या तक्त्यातून शोधली जाते. मुलीचं कर्नल मेमरीत १ एमबीपाशी चढलेलं होतं, आणि तक्त्यात तिनं त्याचा पत्ता फक्त ३ जीबीच्या वर नोंदवला होता. प्रोसेसरनं पुढची सूचना १ एमबीच्याच पत्त्यावर मागितली, तक्त्यात ती सापडली नाही. चूक हाताळणारा कोडही त्याला सापडेना. तिसऱ्या चुकीला प्रोसेसर हात टेकतो आणि मशीन रीसेट होतं.

उपाय साधा आहे. तीच पानं तक्त्यात दोन ठिकाणी नोंदवायची : जुन्या पत्त्यावरही आणि नव्यावरही. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "पण सर, खालचा पत्ता तर आपल्याला नकोच आहे ना?"

नको आहे, हे खरंच. पण ती सूचना चालते त्या क्षणी कर्नल तिथंच उभं असतं. तिनं पोहोचायच्या जागेचा बारीक विचार केला होता, पाय कुठं आहेत ते पाहायचं राहून गेलं होतं. मला आपल्याकडच्या धरणग्रस्तांची घोषणा आठवली : आधी पुनर्वसन, मग धरण. ती माणसं घरादारासाठी भांडत होती, इथं प्रश्न चार सूचनांचा आहे. पण क्रमाचं शहाणपण तेच, आणि कर्नल लिहिणाऱ्याला ते पाळावंच लागतं. कामापुरत्या लिहिलेल्या त्या नोंदीला मी अडगळ म्हणणार नाही. सगळ्या बदलाचा भार तेवढा वेळ तीच पेलते.

तिनं नोंद वाढवली. मशीन पेजिंग ओलांडून पुढं गेलं, वरच्या पत्त्यावर उडी मारली, स्टॅकही वर नेला. ती बराच वेळ पडद्याकडं बघत बसली.

मग खालची नोंद पुसायची वेळ आली, कारण खालचे पत्ते आता प्रोग्रामांचे. तिनं ती तक्त्यातून खोडली, तरी जुना पत्ता चालतच होता. प्रोसेसर तक्त्यातून अलीकडं शोधलेले पत्ते टीएलबी नावाच्या स्वतःच्या छोट्या साठ्यात जपून ठेवतो; तक्ता बदलला हे कर्नलनं त्याला स्वतः सांगावं लागतं. तक्ता कुठं आहे ते सांगणारं सीआर३ रजिस्टर पुन्हा भरलं, तेव्हा कुठं जुना पत्ता बंद झाला.