निळा पडदा, पिवळी अक्षरं

माकणीसारख्या गावातला मुलगा कॉम्प्युटर शिकायला कॉलेजात जातो, घरच्यांनी घेऊन दिलेला नवा लॅपटॉप उघडतो आणि पहिल्याच संध्याकाळी अडतो. लॅबमधून पेनड्राइव्हवर आणलेलं 'टर्बो सी प्लस प्लस' त्यावर चालतच नाही.

बोरलँड कंपनीचं हे साधन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉसच्या जमान्यातलं. निळा पडदा, पिवळी अक्षरं. ऑल्ट-एफ-नाइन दाबलं की कंपाइल, कंट्रोल-एफ-नाइन दाबलं की रन. महाराष्ट्रात असंख्य विद्यार्थ्यांनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम याच पडद्यावर टंकला. ३२-बिट विंडोजवर ते कसंबसं चालायचं. ६४-बिट विंडोज आली आणि १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच गेली, कारण ६४-बिट मोडमध्ये प्रोसेसर डॉससाठीची जुनी व्यवस्था देत नाही. विंडोज ११ तर ३२-बिट रूपात निघालीच नाही.

पण आपल्याकडे जुनं भांडं कुणी फेकत नाही, कल्हई लावून घेतात. इथली कल्हई म्हणजे डॉसबॉक्स. २००२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर मुळात जुने गेम खेळता यावेत म्हणून बनलं. नव्या यंत्राच्या पोटात ते एक जुना संगणक सोंगासारखा उभा करतं. 'माउंट'ची एक ओळ लिहायची, टर्बोच्या बिन फोल्डरमध्ये शिरायचं, की निळा पडदा हजर!

भांडं चकाकतं, माप मात्र जुनंच राहतं. टर्बोमधला 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, १६ बिटांचा, त्यात ३२७६७च्या वर आकडा मावत नाही. कांद्याचे २०० कट्टे, कट्ट्याला २०० रुपये, असा गुणाकार सांगितला तर उत्तर येतं उणे २५५३६. भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याला ते पटेलही, पण गणित चुकलेलं असतं. आजच्या कंपायलरवर तोच 'इंट' बहुधा ३२ बिटांचा असतो आणि उत्तर सरळ ४०००० येतं. शिवाय सी प्लस प्लसचं प्रमाणरूप १९९८ मध्ये ठरलं. 'आयोस्ट्रीम'च्या शेपटीचं 'डॉट एच' त्यात गेलं, 'व्हॉइड मेन'ला तर जागाच नाही. टर्बोवर घोटलेली ही वळणं पुढे मुलाखतीत नडतात.

मास्तरांना दोष देणं सोपं आहे. लॅबमधली यंत्रं जुनी, नेट असून नसल्यासारखं, प्रॅक्टिकलची वही वर्षानुवर्षं तीच. तरीही शिकवण्यासाठी टर्बो जगवण्यात हशील नाही; नवे कंपायलर फुकट मिळतात आणि अडचण उरते ती फक्त सवयीची.

तालुक्याच्या छापखान्याची गोष्ट वेगळी. तिथल्या पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्याला युनिकोड कळत नाही. श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवलेल्या जुन्या लग्नपत्रिका, स्मरणिका, बाजार समितीच्या पावत्या त्याच्याच फायलींत पडून असतात. त्या नव्या यंत्रावर उघडून फाँट बदलला, की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतातच. इथे जुनं साधन सवयीखातर ठेवलेलं नसतं; काम त्याच्या आत अडकलेलं असतं. म्हणून विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला तरी अशा दुकानात एखादं जुनं धूड कोपऱ्यात, नेटची वायर काढून, चालू ठेवलेलं सापडतं. गिऱ्हाईक थोरल्याची पत्रिका घेऊन येतं, 'हीच ठेवा, नाव फक्त धाकट्याचं घाला' म्हणतं, आणि मालक खुर्ची त्या कोपऱ्याकडे वळवतो.