बातम्यांचा मक्ता आणि पुणे केंद्र

जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवायचं ठरलं. पुण्यात ओरड झाली आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती मिळाली. त्या ओरडीत गहिवर फार होता. १९५५ साली याच केंद्रावरून सुरू झालेलं ‘गीतरामायण’, सकाळच्या चहाबरोबरच्या बातम्या, ओळखीचे आवाज. सगळं खरं, पण एवढ्यासाठी वृत्तविभाग चालवा असं कोणत्या तोंडानं सांगणार? आठवणींसाठी ध्वनिसंग्रह पुरतो.

खरं कारण नियमांत आहे. आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायची तेवढी मुभा आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं, तरी रेडिओवरच्या बातम्यांचा मक्ता सरकारी माध्यमाकडेच राहिला. गंमत अशी, की वाहतूक, हवामान आणि प्रशासनानं दिलेल्या पाणी-विजेच्या सूचना यांना हे नियम बातमी मानत नाहीत. म्हणजे ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ हे खासगी वाहिनीनं खुशाल वाचावं. का येणार नाही, याचा शोध घेऊन ते मात्र सांगू नये. वर्तमानपत्राची एखादी आवृत्ती बंद पडली तर तो शोध दुसरं वर्तमानपत्र घेतं. रेडिओवर दुसरं आहे कोण?

फोनवर सगळं मिळतं, मग बातमीपत्र हवंच कशाला, असं विचारलं जातं. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, तो किती वाजता वाढणार, हे आकडे फोनवर येतात हे खरंच. पण खऱ्याबरोबर गेल्या वर्षीचे व्हिडिओ आणि अफवाही येतात. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटलेलं पाहिलेल्या शहरात हे किरकोळ नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाही विसर्गाची सूचना लोकांपर्यंत वेळेत पोचली होती का, यावरूनच वाद पेटला. क्युसेकचा आकडा संभाजीनगरहून वाचता येईल, दिल्लीहूनही येईल. पण तेवढ्या विसर्गाला कोणत्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी येतं, हे ठाऊक असलेला माणूस इथेच राहत असतो.

आता दुसरी बाजू. पुण्यात राहूनही असा माणूस बातमीपत्रात क्वचितच ऐकू येतो. मंत्र्यांनी काय म्हटलं, कुठे उद्घाटन केलं, कोणती योजना जाहीर झाली, यांतच बरीच मिनिटं संपतात. स्थगितीनं विभाग वाचला. ही सवयही वाचली. ज्यांनी ओरड केली त्यांनी याबद्दल फारशी तक्रार केली नाही, हे मला खटकतं.

या केंद्राला वेगळं जमत नाही असंही नाही. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रानं तीनच वर्षांत युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडातली. गावकरी ठरल्या वेळी जमायचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायचे आणि शंका केंद्राला कळवायचे. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा रीतसर अभ्यासही केला. म्हणजे १९५६ साली, हातात टेलिफोनही नसलेला शेतकरी काय ऐकायचं ते थोडंफार ठरवत होता. आज दर खिशात फोन आहे, आणि बातमीपत्र मात्र एकाच दिशेनं वाहतं.

सरकारला मक्ता ठेवायचाच असेल तर विभागागणिक बातमीदार नेमावे लागतील, आणि त्यांनी पालिकेला अवघड प्रश्न विचारले तर ते खपवून घ्यावं लागेल. हा खर्च आणि हा त्रास दोन्ही नको असतील, तर पुणे विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारख्या सामुदायिक रेडिओ केंद्राला तरी पालिकेच्या सर्वसाधारण सभेला आपला माणूस पाठवून संध्याकाळी तिची बातमी देऊ द्यावी.