सार्वजनिक गृहस्थ

शोकसभेत बोलणारे वक्ते कितीही निरनिराळ्या प्रकृतीचे असले, तरी एक वाक्य बहुतेकांच्या तोंडी येते: त्यांनी घरही सांभाळले आणि समाजही सांभाळला. या वाक्यातील दोन्ही 'ही' फार सहज उच्चारले जातात. जणू माणसाच्या आयुष्यात घराचा एक दिवस आणि समाजाचा दुसरा, असे दोन स्वतंत्र दिवस उगवत असतात. वस्तुतः दिवस एकच असतो, आणि नोकरी करणाऱ्याची संध्याकाळ तर फारच लहान असते. घराच्या वाट्याची ती संध्याकाळ समाजाला दिली गेली, तेव्हा देणारा नेमका कोण होता? दिवंगताविषयीच्या आदराला बाधा न आणता हा प्रश्न विचारता आला पाहिजे, असे मला वाटते.

बंगळूरच्या मराठी समाजात तो विशेष जाणवतो. शहाजीराजांच्या काळापासून येथे मराठी माणसे आहेत. परंतु वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 1940 साली काढलेला विमानांचा कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर आलेले सरकारी उद्योग, यांच्या निमित्ताने जो नोकरदार वर्ग येथे आला, त्याच्या पाठीशी गाव नव्हते आणि भावकीही नव्हती. आजारपण, लग्नकार्य, मर्तिक यांसाठी धावून जाणारा एखादा गृहस्थ मग वसाहतीतूनच पुढे येई. कारखान्यातील पाळी संपवून तो किडवाई रुग्णालयात किंवा निम्हान्समध्ये जाई आणि गावाकडून आलेल्या, कन्नडचा एक शब्द न कळणाऱ्या रुग्णाचा दुभाषी होई. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाच्या किल्ल्या, रात्री-अपरात्री रक्तदात्याचा शोध ही सगळी कामे त्याची. पद बहुधा नसे. असलेच तर सहचिटणिसाचे. मुले त्याला काका म्हणत. या संबोधनाला आपल्याकडे परंपरा आहे. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन करणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांना लोकांनी 'सार्वजनिक काका' केले. घरातले नाते उसने घेऊन ते सर्वांना वाटण्याची ही मराठी रीत मोठी गोड आहे. ते ज्या घरातून उसने घेतले, त्या घराची नोंद मात्र आपण सहसा ठेवीत नाही.

अशी नोंद जेथे योगायोगाने राहिली, तेथे काय दिसते? याच शहरात डी. व्ही. गुंडप्पा (1887-1975) राहिले. कन्नड वाचक त्यांना 'मंकुतिम्मन कग्ग'चे कवी म्हणून ओळखतो. परंतु त्यांचे निम्मे आयुष्य वृत्तपत्र आणि सार्वजनिक काम यांत गेले. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे आदर्श. गोखल्यांचे चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिले आणि 1945 साली बंगळुरात 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' स्थापन केली. (हे नाव कन्नडमध्येही असेच आहे, मराठी वाचकाला त्याचे भाषांतर करून द्यावे लागत नाही, ही किती सुखाची गोष्ट!) उतारवयात नागरिकांनी त्यांना गौरवनिधी अर्पण केला, तोही त्यांनी संस्थेस देऊन टाकला. 'ज्ञापक चित्रशाले' या त्यांच्या आठवणींच्या ग्रंथमालेत विद्वान आणि दिवाण यांच्याबरोबरच साधी, सज्जन, समाजात वावरणारी माणसे आदराने उभी केलेली आहेत. दिवंगतांचे स्मरण कसे करावे हे ज्याच्याकडून शिकावे, असा हा लेखक.

त्यांच्या पत्नी भागीरथम्मा यांची एक हकिकत कन्नड घरांत सांगितली जाते. परिचितांकडे समारंभ होता; पतीने जाण्याचा आग्रह केला, तरी त्या गेल्या नाहीत. कारण विचारता म्हणाल्या, नेसायला धड लुगडे नाही. अशा वेषात लोकांनी पाहिले तर कमीपणा तुम्हाला येईल. हकिकत पतीची निःस्पृहता सांगण्यासाठी सांगितली जाते आणि ऐकणारे गहिवरतात. मला मात्र येथे गहिवरापाशी थांबता येत नाही. निःस्पृहतेचा निर्णय एकाचा होता. त्या निर्णयाची लाज निघू नये म्हणून घरात बसून राहणे दुसऱ्या व्यक्तीच्या वाट्यास आले. त्यांनी ते आनंदाने केले असेल, अभिमानाने केले असेल. परंतु मग तो त्याग दोघांचा झाला, आणि एकाच्या नावावर लिहिलेला त्याग हा हिशेबातला दोष ठरतो. भागीरथम्मा तरुण वयातच वारल्या. गुंडप्पांनी पुन्हा विवाह केला नाही. या एका गोष्टीत त्यांच्या गृहस्थधर्माचे जेवढे दर्शन घडते, तेवढे कोणत्याही स्तुतीत घडणार नाही.

मराठीत याहून स्पष्ट साक्ष उपलब्ध आहे. धोंडो केशव कर्वे 1891 साली गोखल्यांच्या निमंत्रणावरून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. 1893 साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे आश्रमाची झोपडी हिंगण्यास उभी राहिली. कॉलेजातले शिकवणे आटोपल्यावर अण्णा संध्याकाळी पायी हिंगण्याची वाट धरीत. ती पायपीट आपल्या पाठ्यपुस्तकांत पोहोचली. त्या संध्याकाळी घरी काय चालले होते, हे कळण्यासाठी मात्र आनंदीबाईंचे 'माझे पुराण' यावे लागले, आणि ते आले 1944 साली. पतीचे पैसे आश्रमाकडे जात आहेत, उद्या आपले नि मुलांचे काय, ही चिंता बाया कर्वे आडपडदा न ठेवता मांडतात. त्या नुसत्या कुढत बसल्या नाहीत. सुईणीचे शिक्षण घेऊन मिळवू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणीही गोळा करू लागल्या. तक्रार आणि सहभाग एकाच लेखणीतून येतात, म्हणून मी त्या पुस्तकाला आत्मचरित्रांत फार वरचे स्थान देतो. ते वाचल्यावर अण्णा लहान होत नाहीत. उलट, आरशासारख्या गुळगुळीत चरित्रात जो माणूस दिसत नव्हता, तो येथे दिसू लागतो.

गोखल्यांनी ही अडचण ओळखली होती. 1905 साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्याने स्वतःसाठी द्रव्यार्जन करावयाचे नाही, आणि आपली व आपल्या कुटुंबाची जी तरतूद समाज करील तीत संतोष मानावयाचा, अशी शपथ होती. शपथेत कुटुंब आले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याने आयुष्य वाहिले त्याच्या चुलीची जबाबदारी, थोडकी का होईना, संस्थेने पत्करली होती. आमच्या वसाहतीतल्या काकांनी अशी कोणतीच शपथ घेतलेली नसते. म्हणून त्यांच्या सेवेला मानधन नाही, निवृत्ती नाही, आणि मर्यादाही नाही. 'नाही' म्हणण्याचा अधिकार शपथ घेतलेल्याला असतो, कारण त्याने कशाला 'हो' म्हटले हे ठरलेले असते; स्वयंसेवकाला तो नसतो. दार केव्हाही वाजते, आणि ते उघडणारी व्यक्ती बहुतेक वेळा तो स्वतः नसतो.

यावर कोणी म्हणेल, अशा घरांतली मुले काही कमी पावतात असे नाही. परक्याचे दुःख ओसरीवर बघत ती शहाणी होतात. हे खरे आहे. गुंडप्पांचे चिरंजीव बी. जी. एल. स्वामी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि लेखकही. 1967 साली पित्याला आणि 1978 साली पुत्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पैशाखेरीज त्या घरात पुष्कळ काही होते, हे उघड आहे. परंतु मुलांना जे मिळाले त्याचा आनंद मानताना, त्यांना विचारले गेले नव्हते हे विसरण्याची सवलत आपल्याला मिळत नाही. कृतज्ञता त्या मुलांनी व्यक्त करावी. आपण, ज्यांनी तो वेळ घेतला, आपल्याकडे ऋण आहे. या दोन भावना मराठीत नेहमी एकमेकींच्या जागी वापरल्या जातात.

शोकसभेच्या अखेरीस ठराव वाचला जातो आणि त्याच्या शेवटी एक ओळ असते: या ठरावाची प्रत दिवंगतांच्या कुटुंबीयांकडे पाठविण्यात यावी. ओळ जुनी आहे, सद्भावनेने लिहिलेली आहे. पहिल्या रांगेत त्यांची पत्नी बसलेली असते. तिला बोलावयास कोणी सुचवीत नाही, सुचविले तरी ती हात जोडते. कोणत्या सालच्या पुरात कोण दोन महिने घरी राहावयास होते, कोणत्या रुग्णाच्या आईला पथ्याचा भात लागे, हे तिला तारखांसह ठाऊक असते. चिटणीस ठराव वाचतात, सर्वजण दोन मिनिटे उभे राहतात, आणि घडलेल्या कार्याची माहिती तिला टपालाने कळविण्याचे ठरते.