परवाना सरकारचा, शील आपले



दारू पिण्याविषयी आपल्या वस्त्यांत आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज प्रश्न आहे तो विकणाऱ्याचा. समजा, आपल्याच समाजातील एक होतकरू तरुण आहे. स्वतः थेंबभर घेत नाही. पौर्णिमेला विहारात येतो, सर्वांबरोबर पंचशील ग्रहण करतो. त्याचे लहानसे किराणा दुकान आहे. उधारी थकली आहे, धंदा बसला आहे. म्हणून तो बिअर शॉपीच्या परवान्यासाठी अर्ज करतो. हा तरुण धम्माविरुद्ध वागतो काय? आणि आपण शेजारी म्हणून, गावकरी म्हणून त्याला काय सांगावे?

हा प्रश्न आपल्या भागात काल्पनिक राहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी बंदीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. 2010 च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरातही बंदी आली. पुढे 27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली आणि जुलैपासून दुकाने उघडली. बंदीच्या काळात बेकायदा दारू व तिच्याबरोबरचे गुन्हे वाढले, असे कारण शासनाने दिले. म्हणजे आज वैनगंगेच्या एका तीरावर जी बाटली परवान्याने विकली जाते, तीच पलीकडच्या तीरावर गुन्हा ठरते. बाटली तीच, माणूस तोच, पिऊन होणारे नुकसानही तेच. मग चांगले-वाईट हे नदीवर ठरते काय?

येथेच आपल्या तरुणाचे पहिले म्हणणे पुढे येते. तो म्हणतो, “मी चोरून विकणार नाही. शुल्क भरीन, नियम पाळीन, परवाना भिंतीवर लावीन. मग दोष कसला?” याचे उत्तर शोधताना बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. 1951 च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करावी, अशी भूमिका होती. बंदीमुळे राज्याचे उत्पन्न बुडते आणि तो पैसा लोकांच्या विकासाला मिळत नाही, हा त्यामागील विचार. त्याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला आपल्या चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही होती. यात विसंगती आहे काय? मला ती दिसत नाही. राज्याने काय बंद करावे हा एक प्रश्न. मी काय करू नये हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायदा देतो आणि ते सरकारबरोबर बदलते. दुसऱ्याचे उत्तर आपण स्वतः द्यायचे असते. परवाना एवढेच सांगतो की पोलीस तुला पकडणार नाहीत. तू योग्य करतोस, असे सांगण्याचा अधिकार परवान्याला नाही.

तरुणाचे दुसरे म्हणणे अधिक जोरकस आहे. “पाचवे शील पिण्याविषयी आहे. मी पीत नाही. माझे शील अभंग आहे.” बंधूंनो, शब्दापुरते पाहिले तर तो खरे बोलतो. परंतु तथागतांनी गृहस्थाला केवळ पंचशील सांगून सोडले नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मद्य आणि विष शेजारी शेजारी आले आहेत, हे ध्यानात घ्या. कारण साधे आहे. ज्या गोष्टीने नुकसान होते म्हणून मी ती माझ्या घरात येऊ देत नाही, तीच दुसऱ्याच्या घरात पोचवून मी माझे घर चालवतो, तेव्हा मी शील पाळत नसतो. मी फक्त स्वतःला वाचवत असतो. मैत्री आणि करुणा यांना तेथे जागा कोठे उरली?

सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला भगवंतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले. धन जाते, भांडणे होतात, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. आता दुकानाच्या गल्ल्यात पैसा केव्हा पडतो ते पाहा. तेंदूपत्त्याची मजुरी हाती येते तेव्हा, धानाचा चुकारा मिळतो तेव्हा, खाणीतल्या कामगाराचा पगार होतो तेव्हा. तो पैसा म्हणजे मुलीची वह्या-पुस्तके, म्हातारीचे औषध, पुढच्या हंगामाचे बियाणे. विक्रेत्याचा नफा आणि त्या घराचा तोटा ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत.

तिसरे म्हणणे आपण रोज ऐकतो. “मी नाही विकली तर दुसरा विकेल. पिणारा थांबणार आहे काय?” नाही थांबणार, हे मान्य. बंदीच्या सहा वर्षांतही चंद्रपुरात दारू मिळत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण या तर्काने जगातले कोणतेही वाईट काम निर्दोष ठरवता येईल. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या वाडवडिलांनी सोडले, मृत मांस सोडले, तेव्हाही ‘मग हे करणार कोण?’ असेच गावाने विचारले होते. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी त्या गोष्टी सोडण्याचे आवाहन केले. दुसरा कोणी करील की नाही, याचा हिशेब करत आपले लोक बसले नाहीत. मी हे करणार नाही, एवढाच निश्चय पुरेसा होता. त्या निश्चयातूनच स्वाभिमान उभा राहिला.

चौथे म्हणणे मात्र मनाला लागते. “मोठमोठे कारखानदार, बारवाले या धंद्यात गबर झाले. त्यांना कोणी विचारत नाही. आमच्या पोराने पहिल्यांदा चार पैसे मिळवायचे म्हटले की तुम्हाला शील आठवते.” या बोलण्यात खरी वेदना आहे. भांडवल नाही, बँकेत पत नाही, बाजारात जागा नाही. अशा माणसाला नुसता उपदेश देणे ही क्रूरताच आहे. ज्यांनी दारूवर वाडे बांधले त्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि मोठ्याने विचारला पाहिजे. परंतु एवढेही पाहा, की या दुकानाचे गिऱ्हाईक कोण असणार? बहुतेक वस्तीतलेच, आपलेच. आपल्या माणसाची प्रगती आपल्याच माणसाच्या संसारावर उभी राहणार असेल, तर समाज म्हणून आपण किती पुढे गेलो?

आता ग्रामसभेचा प्रश्न. काहीजण म्हणतील, शील ही ज्याने त्याने स्वेच्छेने घ्यायची गोष्ट. मग ठरावाने दुकान अडवणे म्हणजे आपला धम्म दुसऱ्यावर लादणे नव्हे काय? शंका रास्त आहे. गावात हिंदू आहेत, गोंड-माडिया बांधव आहेत. मोहाची दारू त्यांच्या देवकार्यात असते. त्यांच्या पूजेला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण दुकान ही पूजा नव्हे. तो व्यापार आहे आणि त्याचा परिणाम साऱ्या गावावर होतो. म्हणून ग्रामसभेत ‘आमच्या धर्मात नाही’ हे कारण सांगू नका. मजुरीचे, मारझोडीचे, शाळा सोडणाऱ्या पोरांचे कारण सांगा. ते कोणत्याही धर्माच्या बाईला पटते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला आहे. चालू दुकान बंद करण्यासाठी मतदानाची सोयही आहे. तिलाच लोक ‘आडवी बाटली, उभी बाटली’ म्हणतात. हे मार्ग लोकशाहीचे आहेत. सर्वांसमोर मांडावे, मत मोजावे, निकाल मान्य करावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. त्या तरुणावर बहिष्कार टाकू नका. त्याच्या घरी मंगलकार्याला जाणे बंद करू नका, त्याच्या मुलांना विहारातून परत पाठवू नका. बहिष्काराचे दुःख काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? त्याच्याकडे दोघे-चौघे जा, बसा, बोला. ज्याची उधारी बाकी आहे त्याने ती आधी चुकती करावी. महिन्याचा किराणा तालुक्याच्या मोठ्या दुकानातून न आणता त्याच्याकडून आणावा. बचत गटाने त्याला दोन पैसे उभे करून द्यावेत. हे काही न करता ‘तू पाप करतोस’ म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हणण्याचा अधिकार आपण अजून मिळवलेला नाही.

सम्यक आजीविका एकट्याने पाळता येते, पण फार कष्टाने. शेजाऱ्यांनी साथ दिली तर ती साध्या माणसालाही पेलते. म्हणून पुढच्या पौर्णिमेला पाचवे शील म्हणताना आपल्या वस्तीतील दुकानदाराची आठवण ठेवा, आणि घरी परतताना त्याच्या दुकानावरून जा.

जय भीम. नमो बुद्धाय.