पाणी कशाने बाटते?



गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेलो होतो. दीक्षाभूमीवर वंदन करून परतताना नाग नदीच्या पुलावर रिक्षा थांबली. हातात उरलेल्या जेवणाची प्लास्टिकची पिशवी होती. खाली काठाला तशाच पिशव्यांचा खच पडला होता. मीही टाकली.

दोह्याला कॉर्निशवर चहाचा कप टाकायला मी कचरापेटी शोधत फिरतो. मग तिथे हात का थांबला नाही? उत्तर लाजिरवाणे आहे. इथे दंडाचे भय असते.

दंडाच्या भयाने पाळलेले शील पोलीस दिसेनासा झाला की संपते. तथागतांनी हिरी आणि ओत्तप्प हे दोन धम्म जगाचे रक्षक म्हणून सांगितले. हिरी म्हणजे वाईट करताना स्वतःलाच वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्या कर्माच्या परिणामाची धास्ती. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. माझी पिशवी उद्या एखाद्या ढिवराच्या जाळ्यात अडकेल. त्याने माझे काय बिघडवले होते?

भिक्खूंच्या ७५ सेखिय नियमांतला शेवटचा नियम पाण्याविषयी आहे. निरोगी भिक्खूने पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकूही नये.

आपल्याला तर पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आपल्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून त्याची ‘शुद्धी’ केली! माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच ठरतो, हे भगवंतांनी वसल सुत्तात सांगितले आहे. पाण्याचेही तसेच. ते कुणाच्या जन्माने बाटत नाही, कर्माने घाण होते. त्या दिवशी पुलावर ते कर्म माझे होते.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांबरोबर या नदीचाही उल्लेख केला होता. ती आपली नदी आहे.

कतारमध्ये नदी नाही. समुद्राचे खारट पाणी गोडे करून आपण पितो. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्यांवर इथे १५ नोव्हेंबर २०२२ पासून बंदी आहे. पण बंदी आहे म्हणून नव्हे, समजले म्हणून सुरुवात करू. पुढच्या वंदनेला प्रत्येकाने घरून स्टीलचे ताट आणि पेला आणावा. एखाद्या शुक्रवारी सकाळी मुलांना घेऊन अल ठखिराच्या खारफुटीत अडकलेले प्लास्टिक वेचू. आणि गावी गेल्यावर, कुणी पाहत नसताना, हात आवरू. शीलाची परीक्षा तिथेच आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!